सहा युरोंचं मीठ

विमानतळावर कस्टमच्या माणसाने पिशवी
दिव्यासमोर धरली.
हे काय?
मीठ, बाबा म्हणाले.
फ्रान्सवरून मीठ आणलंत?
मुलुंडला आता पिकत नाय, साहेब.
त्याने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे,
आणि जा म्हणून हात हलवला.

खरं तर आम्ही समुद्रासाठी गेलो होतो.
मुलांच्या सुट्टीचे शेवटचे बारा दिवस,
शैलेंद्रची तीन वर्षं साठवलेली रजा,
आणि भाड्याची गाडी, जिच्यात बाबा
लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसायचे.
पहिल्याच दिवशी, एवढे पैसे भरून गेलो
तर समुद्र घरी नाही!
लांब आत गेलेला. मागे नुसती ओली वाळू
आणि कलंडलेल्या होड्या,
जेवून आडव्या झाल्यासारख्या.
शर्विलने भोकाड पसरलं.
पानी कुठं जातंय, येईल, बाबा म्हणाले.
तिथी आठवून बोटांच्या पेरांवर मोजलं:
अडीचला.
आला सहाला.
साडेतीन तासांचा फरक आहे ना आपला,
मग बरोबरच की.

शनिवारी बाजार. मुळ्याच्या लालचुटुक जुड्या,
चीजचा असा वास की जुईलीने नाक धरलं,
आणि एक बाई चाकूने कालवं उघडत होती.
बाबा तिच्यासमोर बराच वेळ उभे.
नंतर म्हणाले, माझ्या आईचा हात जास्त चालायचा.
प्रत्येक पाटीपुढे युरोचे रुपये करायचे
आणि आमची भूक मरायची.

गावं मात्र त्यांना पटली.
दुपारी बारा वाजले की पाववाल्याचं दार बंद,
खिडक्यांच्या निळ्या फळ्या बंद,
चौकात एक कुत्रा, तोही झोपलेला.
शहाणी माणसं आहेत, म्हणाले.

ते ठिकाण आमच्या यादीत नव्हतं.
शैलेंद्र वळण चुकला
आणि मागून बाबा ओरडले, थांबव.
दोन्ही बाजूंना चौकोन. मातीचे बांध,
करडं पाणी, त्यात हललेलं आभाळ.
बूट काढले, मोजे खिशात,
पँट गुडघ्यापर्यंत, आणि उतरले सुद्धा.
लांबून एक माणूस काहीतरी ओरडत आला.
जुईली, फोनवर तीन महिने फ्रेंच शिकलेली, म्हणाली,
आजोबा, तो बहुतेक रागावलाय.
बाबांनी चिखल चिमटीत घेतला होता,
नाकाजवळ नेला होता.
तो माणूस थांबला.
मग त्याने हातातलं लांब दांड्याचं लाकडी फावडं
पुढे केलं.

चाळीस वर्षं मी बाबांना
बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन बसलेलं पाहिलं होतं.
हे मनगट मी पाहिलं नव्हतं.
पाणी ढवळू न देता
गाळ तेवढा आपल्याकडे ओढणारं.

आठ दीस, बाबा म्हणाले आणि आठ बोटं दाखवली.
त्याने मान हलवली, दहा बोटं.
बाबांनी पुन्हा आठ.
तो वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला जरा,
मग नऊ.
सौदा ठरल्यासारखे दोघे हसले.

टपरीवर गेल्या वर्षीचं मीठ होतं. सहा युरो.
रुपये किती, त्यांनी विचारलं नाही.

आता जुलै. चौदाव्या मजल्याच्या खिडकीतून
हायवेपलीकडे तिवरं दिसतात, एक गंजलेली पाटी,
आणि ती सपाट जागा
जिथे सव्विसाव्या वर्षापर्यंत ते रोज उतरायचे.
हे मला आत्ता कळलं. मी कधी विचारलं नव्हतं.
बरणीतल्या मिठाला पाणी सुटलंय.
मी म्हटलं, टाकून देऊ.
बाबांनी जेवणाच्या टेबलावर पेपर पसरला,
मीठ त्यावर बोटांनी पातळ केलं, चौकोनी,
कडेने बांधासारखी घडी घातली,
पंखा दोनवर ठेवला
आणि शर्विलला राखणीला बसवून
झोपायला गेले.